काउंटरवरची मुलगी

उधना, सुरत
३ नोव्हेंबर २०२४

चि. वृषाली,

जय भीम.

तुझ्या कंपनीचा निरोप मोबाइलवर आला. आधी तुझ्या मामेबहिणीने, चैतालीने वाचून दाखवला, मग मी चष्मा लावून स्वतः वाचला. जहाजावर काम करणाऱ्यांच्या आईवडिलांना एक फेरी फुकट. मुंबईहून निघायचं, कोचीपर्यंत जायचं आणि परत. तुझी आई असती तर तिने पहिल्यांदा विचारलं असतं की आत मासळीचा वास येतो का. रंभाबाईचा समुद्र डुमसच्या किनाऱ्यावरच्या भज्यांपाशी सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा. आता आम्हा दोघांच्या वाटचं मीच बघून घेतो.

मी नेहमीसारखं हाताने लिहून फोटो पाठवतो आहे. तू बंदराला लागलीस की तुला मिळेल. फोनवर बाप आणि मुलगी 'जेवलीस का' याच्या पुढे जात नाहीत. तूही कागदावरच लिही.

भटूने सगळ्या गल्लीत बातमी केली. परवा चहाच्या टपरीवर मला म्हणतो, "काय श्रीपतभाऊ, जहाजवर बी भाषण करशात का?" मी म्हटलं, माइक दिला तर करीन. तो म्हणाला, "मंग लोके पानीमा उड्या मारतीन." तिथे बसलेले सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगतो, मला तिथे बोलावंसं वाटेल.

कारण मी कुठून बोलतो ते तुला माहीत आहे. माझी आई, तुझी आजी सुंदरा, ठेकेदाराकडे रेल्वेचे डबे धुवायची. डब्यातला कोणता कोपरा आमच्या माणसांच्या वाटेला यायचा, ते मी लिहीत नाही. गावी तेच काम तिच्या सासूकडे होतं, सासूच्या सासूकडे होतं. आम्ही गाव सोडलं, राज्य सोडलं, भाषा बदलली, काम तेवढं पाठोपाठ आलं. तिला अग्नी देऊन आलो त्या दिवशी मी चार माणसांत बोललो, की या घरातला हात पुन्हा दुसऱ्याच्या घाणीत जाणार नाही. पुढे हे वाक्य मी उधन्यात बोललो, गोडादऱ्यात बोललो, जिथे माइक मिळाला तिथे बोललो. तू नोकरीला लागल्यापासून त्याला दुसरं वाक्य जोडतो: माझी मुलगी जहाजाच्या काउंटरवर कोट घालून बसते. टाळ्या त्या दुसऱ्या वाक्यावर पडतात.

आता मुद्द्याचं. जहाजात चढायचं कसं? आगगाडीसारखा फलाट असतो का? सामान स्वतः न्यायचं की हमाल असतो? आणि तुझं काउंटर कोणत्या मजल्यावर, हे नक्की लिही. मी चढल्या चढल्या आधी तिथे येणार. भटूला तुझा काउंटरवरचा फोटो कबूल केला आहे.

तुझा,
दादा

जहाजावरून
८ नोव्हेंबर २०२४

ती. दादा,

जय भीम.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. माझ्याबरोबर खोलीत राहणारी फिलिपीन्सची मुलगी विचारत होती, की हसतेस का. तिला भटूकाका समजावून सांगता आले नाहीत.

फलाट नसतो. बंदरावर विमानतळासारखी मोठी इमारत आहे. दारातच तुमची मोठी बॅग घेतली जाईल. घाबरू नका, ती चोरीला गेलेली नसते. तिच्या मुठीला तुमच्या खोलीच्या नंबरची पट्टी लावलेली असली की ती संध्याकाळपर्यंत आपोआप खोलीच्या दाराशी येते. चैतालीला सांगा, पट्टी छापून नीट अडकवून देईल. रक्तदाबाच्या गोळ्या, आधार कार्ड, चष्मा आणि एक जोडी कपडे मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. नाहीतर संध्याकाळपर्यंत गोळीविना बसाल. इस्त्री, शेगडी, चाकू, घरचं शिजवलेलं काही आणू नका. पापड-बिबडेसुद्धा नकोत. इथे तळून कोण देणार?

आत गेल्यावर तुमचा फोटो काढतील आणि एक कार्ड देतील. तीच तुमच्या खोलीची किल्ली, तीच तुमची ओळख. गळ्यात अडकवा. मग पुलासारखी एक चढण चढून तुम्ही जहाजात शिराल. खाली पाणी दिसेल, पण पाय हलल्यासारखे वाटणार नाहीत. तिथे फोटोवाले उभे असतात, त्यांना हसून नाही म्हटलं तरी चालतं. खोल्या दुपारशिवाय तयार होत नाहीत. तोवर वरच्या मजल्यावर जाऊन जेवा. गर्दी बघून उपाशी राहू नका, अन्न संपत नाही. जहाज सुटण्याआधी भोंगा वाजेल. तो संकटाचा नसतो, सरावाचा असतो. ठरलेल्या जागी जाऊन लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. ते चुकवता येत नाही, मोठ्या मोठ्या शेठ लोकांनाही नाही. तुम्हाला ही गोष्ट आवडेल.

आणि एक. तुम्ही खोलीत आलात की दुपारी कोणीतरी दार वाजवेल. तुमच्या खोलीची काळजी घेणारं माणूस स्वतः येऊन नाव सांगतं, अशी इथली पद्धत आहे. पलंग, टॉवेल, बाथरूम सगळं तेच माणूस बघतं. तुम्ही त्याला दार उघडा. एवढं नक्की करा.

काउंटरचं काय, मी कधी कुठे असेन सांगता येत नाही. तुम्ही शोधू नका, मीच येते.

तुमची,
वृषाली

जहाजावरून
८ नोव्हेंबर २०२४

चैताली,

दादांना आत्ताच चार पानं लिहिली. सगळं खरं लिहिलं आणि मुख्य ते गाळलं.

ते येत आहेत. आता लपवायचं तरी किती दिवस? तुला पहिल्यापासून माहीत आहे, मी काउंटरवर एक दिवसही बसलेले नाही. डिप्लोमा त्याचाच केला, मुलाखतही त्याचीच दिली. भरती करणाऱ्या माणसाने पूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं. मग म्हणाला, काउंटरच्या जागा भरल्या, खोल्यांच्या सफाईत आहेत. मी हो म्हटलं. घरी फोन केला तेव्हा दादांनी विचारलं, "कोट मिळाला का?" त्यांचा आवाज असा होता की माझ्या तोंडून हो निघून गेलं. पुढचं सगळं त्या एका हो वर उभं आहे.

मी असं ठरवलं आहे. सुपरवायझरला विनवून दादांची खोली माझ्या भागात घेतली. ते खोलीत आले की दार मी वाजवणार. गणवेशात, हातात टॉवेल घेऊन. ते उघडतील आणि मी त्यांना नाव सांगेन. एवढंच म्हणेन, "नमस्कार, मी वृषाली, तुमच्या खोलीचं मी बघते." एकदा समोर उभी राहिले की ते मला ढकलणार थोडेच आहेत? कागदावर वाचतील तर आधी त्यांचं तत्त्व वाचेल. दारात बघतील तर आधी मला बघतील.

तुला काय वाटतं?

वृषा

कोसाड, सुरत
१३ नोव्हेंबर २०२४

वृषा बेन,

तुला काय वाटतं म्हणून विचारतेस आणि सगळं ठरवूनही बसलीस. अगदी दादांची पोरगी शोभतेस.

मला वाटतं तू आधी सांग. कागदावर सांग, फोनवर सांग, पण त्यांनी घर सोडायच्या आधी सांग. तुला इकडचं काही माहीत नाही. त्यांनी गोडादऱ्याच्या शिंप्याकडून निळा कोट शिवून घेतलाय. मी म्हटलं, दादा, आता थंडी कुठे आहे? तर म्हणाले, "ती कोटात, मी कोटात, दोघांचा फोटो." शिंप्याने बाह्या आखूड केल्या तर त्याच्याशी भांडले. विहारात रोज जहाजाच्या गोष्टी सांगतात. लाइफ जॅकेटवर तर त्यांचं अख्खं भाषण तयार आहे. समुद्रात सगळ्यांना एकच जॅकेट, तिथे शेठ नाही नि नोकर नाही. बायका डोळे पुसतात, सच्ची.

आणि हे पण ऐक. मी एकदा सहज चाचपून बघितलं. म्हटलं, दादा, जहाजावर सफाईचं काम करणाऱ्या पोरींना पण चांगला पगार असतो म्हणे. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "असेल. कोणाच्या तरी पोरी असतील." बस.

तू म्हणतेस आधी मला बघतील. मला भीती वाटते की आधी गणवेश बघतील. सांगून टाक गं. रुसले तर घरी रुसतील, तिथे पाण्यात कुठे जातील बिचारे?

चैताली

उधना
१९ नोव्हेंबर २०२४

चि. वृषाली,

जय भीम.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की आता मीच लोकांना जहाजात कसं चढायचं ते सांगतो. पट्टी छापली. गोळ्या हातातल्या पिशवीत. बिबडे परत डब्यात गेले.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही, आणि मी ती तोंडावर सांगणाऱ्यातला आहे. ते दार वाजवणारं माणूस. माझं अंथरूण मी आजवर स्वतः घालत आलो. तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचंही मीच केलं. आता समुद्रात जाऊन मी माझी बाथरूम दुसऱ्याच्या लेकराकडून धुवून घेऊ? ज्या तोंडाने तीस वर्षं बोललो त्याच तोंडाने त्याला 'इथे डाग राहिला' म्हणू? हे होणार नाही. तो आला तर त्याला आत बोलावीन, खुर्चीवर बसवीन, पाणी देईन, त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारीन. काम मात्र करू देणार नाही. माझी खोली मी झाडीन. तुझ्या कंपनीच्या पद्धतीत हे बसत नसेल तर कंपनीला माझं नाव सांग.

बाकी मी आनंदात आहे. काल दाढी करताना मी गुणगुणत होतो म्हणे, चैताली सांगते.

भेटूच.

तुझा,
दादा

जहाजावरून
२९ नोव्हेंबर २०२४

ती. दादा,

काल सकाळी तुम्ही उतरलात. मी सातव्या मजल्याच्या खिडकीतून निळा कोट बघितला. बॅग ओढत होतात. हमाल पुढे आला, त्याला तुम्ही नको म्हणालात.

तुमचं शेवटचं पत्र मी पाठ केलं होतं. त्यात होतं की त्याला आत बोलावीन, खुर्चीवर बसवीन, पाणी देईन. मी त्यालाच धरून बसले. चैताली सांगत होती, आधी लिही. मी म्हटलं, आता काय लिहायचं, दादा स्वतः म्हणतात की पाणी देईन.

चढण्याच्या दिवशी आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. आधीचे लोक उतरतात, नवे चढतात आणि मधल्या वेळात सगळ्या खोल्या नव्या करायच्या असतात. तुमची खोली मी सगळ्यांत आधी केली. उशी दोनदा बदलली. मग बाकीच्या करत करत तुमच्या दाराशी पोचले तेव्हा दाराच्या मुठीला लाल पाटी लावलेली होती. त्रास देऊ नका. अशी पाटी असली की आम्हाला दार वाजवता येत नाही. नोकरी जाते.

मला वाटलं, झोपले असतील. संध्याकाळी आले, पाटी. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाटी. सुपरवायझरने नियमाप्रमाणे फोन केला तर तुम्ही म्हणालात, "आय एम फाइन, नो नीड." दाराबाहेर वापरलेले टॉवेल ठेवलेले होते. घड्या घातलेले आणि ओले. तुम्ही ते साबणाने धुवून, पिळून ठेवले होते. दादा, ते परत यंत्रातच जातात. मी ते हातात घेऊन तिथे उभी राहिले. परक्या माणसाला तुम्ही आत बोलावून पाणी दिलं असतं, म्हणून मला कळलं की तुम्हाला कळलं आहे.

तरीही मी म्हणत होते, तुम्ही बाहेर आलात की बोलेन. आणि आलात. तिसऱ्या दिवशी, पॅसेजमध्ये, माझी ट्रॉली आडवी होती आणि मी खाली वाकून चादरी काढत होते. तुम्ही भिंतीला चिकटून वाट काढलीत. माझ्याकडे बघितलंत. आणि "सॉरी" म्हणालात.

इथले सगळे लोक ट्रॉलीजवळून जाताना आम्हाला सॉरी म्हणतात. चांगले लोक असतात. पण त्यांतल्या कोणी मला खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवलेली नाही.

मी खोटं बोलले, त्याची शिक्षा द्या. रागवा, भाषण करा, सगळ्या उधन्यासमोर माझं नाव घ्या. पण मला परक्यासारखं सॉरी म्हणू नका.

वृषाली

कोसाड
९ डिसेंबर २०२४

वृषा,

उशीर झाला. काय लिहावं ते कळत नव्हतं.

ते स्टेशनवरून थेट घरी गेले, माझ्याकडे आले नाहीत. संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तर कोट खिळ्याला टांगलेला आणि स्वतः पलंगावर पाय खाली सोडून बसलेले. मला एकच प्रश्न विचारला, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. त्यांनी डब्याचं झाकण लावून डबा माझ्या हातात दिला. तेव्हापासून माझ्या घरचं खात नाहीत.

भटूकाकाने फोटो मागितला. म्हणाले, मोबाइल बंद पडला होता. भटूकाका आपला सवयीने बोलला, "मोबाइल बंद, मंग तोंड कसानी बंद शे?" दादांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा चहा अर्धा टाकून उठला.

आता खरी गोष्ट. सहा तारखेला विहारात अभिवादनाची सभा होती. शेवटी बोलायला दादाच, दर वर्षीसारखे. छान सुरू झालं. आजीचं सांगितलं, डबे सांगितले, ठेकेदार सांगितला. बायका पदर सावरून बसल्या, कारण आता ते वाक्य येणार. "या घरातला हात," एवढं म्हणाले आणि थांबले. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. पाणी दिलं, ते प्यायले. परत म्हणाले, "या घरातला हात." मग खाली बसले. शेजारी बसलेल्या सरलाबाईंनी घाईने वंदना सुरू केली. लोकांना वाटलं बीपी वाढलं. मी त्यांना रिक्षाने घरी नेलं.

वृषा, ते तुझ्यावर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

तू लिहीत राहा. ते वाचतात. तुझ्या पत्राचा फोटो मोठा करून करून वाचतात, मी खिडकीतून बघितलं.

चैताली

उधना
१४ जानेवारी २०२५

चि. वृषाली,

आज आभाळ पतंगांनी भरलं आहे. सगळी सुरत गच्चीवर आहे आणि मी खाली बसून हे लिहितो आहे. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला दीड महिना लागला. एवढा वेळ मी आजवर कोणाला उत्तर द्यायला घेतला नव्हता.

आधी काय घडलं ते ऐक. मी खोलीत आलो. पलंग बघितला, उशी बघितली, काचेतून समुद्र बघितला. तू म्हणाली होतीस शोधू नका. पण निळा कोट घालून माणूस खोलीत किती वेळ बसेल? मी खाली काउंटरवर गेलो. तिथे कोट घातलेली एक पोरगी होती. मी अभिमानाने म्हटलं, माझी मुलगी इथे बसते, वृषाली. तिने यंत्रात बघितलं आणि म्हणाली, "सर, या नावाच्या हाउसकीपिंगला आहेत, सातवा मजला. तुमच्याच भागातल्या खोल्या करतात." ती हसली असती तर मी तिच्याशी भांडलो असतो. ती फार आदराने बोलली. मला भांडायला जागाच राहिली नाही.

वर आलो आणि पाटी लावली. तू समजलीस की ती तुझ्यासाठी लावली. ती माझ्यासाठी लावली होती. तू आत आली असतीस तर माझ्या डोळ्यांदेखत माझ्या संडासापाशी गुडघे टेकले असतेस. ते मला बघता आलं नसतं. म्हणून मी रोज बाथरूम धुतली, टॉवेल धुतले, फरशी पुसली. मला वाटलं, तेवढं तरी तुझ्या हाताचं वाचेल. पॅसेजमध्ये तू वाकलेली होतीस. तुझा चेहरा दिसण्याआधी मला पाठ दिसली आणि ती सुंदराची पाठ होती. या जिभेने हजारो माणसं उठवून बसवली. तिला त्या क्षणी स्वतःच्या लेकीसाठी दुसरा शब्द सापडला नाही.

आता मला काय म्हणायचं आहे ते ऐक, कारण मी दुःखी आहे म्हणून चुकीचा ठरत नाही. काम हलकं नसतं हे मला शिकवू नकोस, मी ते लोकांना शिकवलं. पण मुलाखतीचं मी चैतालीकडून काढून घेतलं: डिप्लोमा काउंटरचा, गुण चांगले, इंग्रजी चांगलं, आणि नाव, गाव विचारल्यावर जागा भरल्या. कोणासाठी भरल्या? त्या खोलीत बसलेल्या माणसाने तुझ्या हातात तेच दिलं जे गावाने तुझ्या पणजीच्या हातात दिलं होतं. फक्त त्याला गणवेश शिवला आणि वर पगार ठेवला. आणि तू हो म्हणालीस. मला लबाडी लागली नाही. मला ते हो लागलं.

मी आता बोलत नाही. ते वाक्य बोललो तर खोटं होतं, आणि खरं बोललो तर समोरचे म्हणतील की बघा, फिरून तिथेच आले. आपल्या पोरींनी हे माझ्या तोंडून ऐकू नये.

मी तुला टाकलेलं नाही. पण हे मला मान्यही नाही. तुझा हक्क काउंटरवर आहे, तो माग. भांड. ज्या दिवशी तू तिथे बसशील त्या दिवशी मी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून पुन्हा चढेन आणि सगळ्या जहाजासमोर तुला हाक मारीन. तोवर मला बोलावू नकोस.

तब्येतीला जप.

दादा

जहाजावरून
२ मार्च २०२५

चैताली,

दादांचं जानेवारीचं पत्र तू वाचलं नसशील. त्यांनी माझ्यावर इतकं प्रेम त्याआधी कधी कागदावर लिहिलं नव्हतं आणि इतकं लांबही कधी लोटलं नव्हतं. मी उत्तर दिलं, पण त्यात तब्येत, हवा आणि बंदरांची नावं एवढंच आहे.

मुलाखतीच्या खोलीबद्दल ते बरोबर आहेत. मी स्वतःला सांगत राहिले की माझं इंग्रजी अडखळलं असेल. अडखळलं नव्हतं. त्या माणसाने माझं नाव ऐकलं आणि पेनाचं टोपण लावलं, ते मी बघितलं होतं. भांडायला हवं होतं. मी दादांची मुलगी असून भांडले नाही, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

पण दादांचं वाक्य मी पुष्कळदा मनात म्हणून बघितलं. या घरातला हात पुन्हा दुसऱ्याच्या घाणीत जाणार नाही. त्या वाक्यात सुंदराआजी कुठे आहे गं? तिच्या कष्टावर टाळ्या मिळतात, पण तिला तिच्याच घरात बसवलेलं मी कधी ऐकलं नाही. ती होती तोवर दादांच्या मित्रांसमोर यायची नाही, आई सांगायची. चहा आत ठेवायची आणि भांड्याने भांडं वाजवायची, मग दादा उठून आत जायचे. तेव्हा मला ते नुसतं लाजणं वाटायचं.

आता तुला ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. गेल्या महिन्यात काउंटरवरची एक मुलगी बाळंतपणासाठी घरी गेली. या फेऱ्यांना गुजराती पाहुणे खूप असतात, अर्धे तर आपल्या सुरतचे, आणि काउंटरवर त्यांची भाषा कोणाला येईना. एका शेठाणीचं औषध मोठ्या बॅगेत राहिलं होतं. ती पॅसेजमध्ये रडत होती, मी गुजरातीत बोलून बॅग शोधून दिली. सुपरवायझरने वर सांगितलं. पहिल्या तारखेपासून मी काउंटरवर आहे. कोट आहे. त्यावर नावाची पाटी आहे. काल एका म्हाताऱ्या माणसाने येऊन मला विचारलं की जेवण कोणत्या मजल्यावर, आणि मला इतकं रडू आलं की बाजूच्या मुलीने त्याला वाट सांगितली.

हे दादांना सांगू नकोस.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. त्यांना एक ओळ कळवली की ते त्याच संध्याकाळी तुझ्या घरी जेवतील. विहारात उभे राहतील, वाक्य पुरं करतील, लोक टाळ्या वाजवतील. तिकीट काढतील, कोट घालतील, इथे येऊन मला मिठी मारतील. सगळं तसंच होईल, मला खात्री आहे. म्हणूनच सांगू नकोस. मग जन्मभर मला कळणार नाही की त्यांनी मिठी मला मारली की कोटाला.

ते थकत चालले आहेत, हेही मला माहीत आहे. तू रोज त्यांना बघतेस आणि मी नाही, म्हणून हे तुझ्यावर टाकणं अन्याय आहे. कदाचित मी चूक करते आहे, आणि अशी चूक की जी नंतर दुरुस्त करायला माणूस उरत नाही. तरी मला हलता येत नाही. तत्त्वाला असं चिकटून बसायला मला कोणी शिकवलं, ते तुला ठाऊक आहे.

दादांनी विचारलं तर सांग, वृषा अजून खोल्याच साफ करते. त्यावर ते काय म्हणतात, तेवढं मला कळव.

वृषा